गृहपाठ मुलाचा, राग कोणाचा?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी ३५ वर्षांची आहे, पती ३८ वर्षांचे. आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत आणि ते आमच्याकडेच राहतात. मुलावर कधीही हात उगारायचा नाही, असे आम्ही लग्न ठरले तेव्हाच एकमेकांना सांगितले होते. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी गृहपाठाला बसले की पतींचा आवाज चढतो. हातच्याची वजाबाकी चुकली की ‘मठ्ठ आहेस का, किती वेळा सांगायचे’ असे बोलतात. गेल्या महिन्यात दोनदा त्यांनी त्याला चापट मारली. नंतर त्यांनाच वाईट वाटते आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्यासाठी चॉकलेट आणतात. सासरे समोर बसलेले असतील तर राग जास्तच असतो. मी बोलायला गेले की म्हणतात, ‘बाबा कडक होते, पण प्रेमळ होते. त्यांचा मार खाल्ला म्हणून आज इथवर आलो.’ मी मध्ये पडत नाही, गप्प होते, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. माझी आईही अशीच होती. हल्ली मुलगा वही दप्तरातून बाहेरच काढत नाही. ‘आज बाबा उशिरा येणार ना?’ असे विचारतो. पालकत्वावरची पुस्तके आम्ही वाचली, शाळेतल्या कार्यशाळेलाही दोघे गेलो, पण त्या क्षणी काहीच आठवत नाही. माझी मैत्रीण म्हणते, आधी तुम्ही दोघे स्वतःला समजून घ्या. पती म्हणतात, मागचे उकरून काय मिळणार, शिस्त लावण्याची नीट पद्धत सांगा. कोणाचे खरे मानावे? तुमचे उत्तर मी त्यांना दाखवणार आहे.

एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील बहुतेक वाक्ये पतींच्या रागाबद्दल आहेत आणि तुमच्या गप्प होण्याबद्दल एकच वाक्य आहे. मी त्या एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण हे उत्तर तुम्ही त्यांना दाखवणार आहात, आणि ज्या उत्तरात सगळा दोष एकाच्याच पदरात पडतो ते उत्तर घरात दुसऱ्यांदा कोणी वाचत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चापट सर्वांना दिसते, तिची मोजदाद होते, तिच्याबद्दल नंतर पश्चात्तापही होतो. अबोल्याची मात्र कुठेच नोंद होत नाही, आणि तो धरणाऱ्या माणसाला तर आपण संयम पाळला असेच वाटत राहते. मुलाच्या जागेवरून पाहिले तर बाबा ओरडले आणि नेमक्या त्याच वेळी आई समोर असूनही नसल्यासारखी झाली. बाबा का रागावले हे त्याला निदान ठाऊक असते. आईच्या गप्प होण्याचे कारण त्याला कोणी सांगत नाही, म्हणून ते कारण तो स्वतःमध्येच शोधतो. तुम्ही रागावलेल्या असता पतींवर, पण तो राग आपल्यावरच आहे असे त्याला वाटण्याची शक्यता फार मोठी आहे. तुमच्या आईने अबोला धरला की लहानपणी तुम्हाला काय वाटत असे? आपले काय चुकले हे शोधत तुम्ही घरात वावरत होता का, न सांगता कामे करून तिचा चेहरा उजळतो का ते पाहत होता का? ‘माझी आईही अशीच होती’ एवढे लिहून तुम्ही पुढे गेला आहात. माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर त्या वाक्याच्या पुढे असायला हवा होता आणि तो लिहायचा राहिला आहे.

आता तुमचा प्रश्न. माझे मत मैत्रिणीच्या बाजूने आहे, परंतु पतींची शंकाही रास्त आहे. मागचे उकरणे हेच ज्याचे उद्दिष्ट होऊन बसते अशा आत्मचिंतनाने कोणाच्याही मुलाचे भले होत नाही. त्यातून बहुधा स्वतःविषयीची कणव तेवढी वाढते. तरीही केवळ पद्धत सांगून तुमचे काम होणार नाही, याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. पुस्तके वाचली, कार्यशाळा झाली आणि त्या क्षणी काही आठवले नाही. याचा अर्थ तुम्हाला माहिती कमी पडलेली नाही. मुलाने चूक केल्यावर मोठ्या माणसाने कसे वागायचे याचे एक जुने शिक्षण तुम्हा दोघांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत घरातच मिळून गेले होते. थकलेल्या संध्याकाळी, वेळ कमी असताना, पुस्तकात वाचलेले मागे पडते आणि ते जुने शिक्षण आधी हजर होते. ते कोणते आहे हे ओळखल्याशिवाय नवीन पद्धतीला जागा मिळत नाही.

पतींच्या वाक्याकडे मी आता वळते, कारण ते आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. मार पडला हे खरे, पुढे चांगले झाले हेही खरे. एकामुळे दुसरे झाले हा निष्कर्ष मात्र कोणी तपासलेला नसतो. त्या वाक्यात आणखी एक गोष्ट गाळलेली असते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तान्ह्या मुलांच्या मातांबरोबर काम करणाऱ्या सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात ती नेमकी टिपली आहे. ज्यांचे स्वतःचे बालपण छळाचे होते असे काही पालक तेच आपल्या मुलांच्या वाट्याला आणतात आणि काही आणत नाहीत, असे का होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या निरीक्षणानुसार, जुनी वागणूक पुन्हा करणाऱ्या पालकांना आपल्या बालपणातील घटना चांगल्या आठवत होत्या. कोणी मारले, कशाने मारले, हे ते तपशीलवार सांगत. त्या वेळी वाटलेली भीती, लाज आणि एकटेपणा मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. ज्यांना ते दुःख दुःख म्हणून आठवत होते, त्यांच्याकडून ते मुलांपर्यंत जाण्याचे प्रमाण कमी दिसले. त्या लेखातील एक आई आपल्या बाळाच्या रडण्याकडे ढिम्म बसून पाहत असे. आपल्या बालपणाबद्दल ती प्रथमच कोणाजवळ तरी मनापासून रडू शकली, त्यानंतर ती रडणाऱ्या बाळाला उचलून छातीशी धरू लागली. फ्रायबर्ग यांचे निष्कर्ष थोड्या कुटुंबांवर आधारलेले होते हे मान्य करूनही, इतक्या वर्षांनंतर या विषयावरचे एवढे नेमके निरीक्षण मला दुसरे सापडत नाही.

तुमचे पती मार खाल्ल्याची हकिकत सांगताना हसत असतील, असा माझा अंदाज आहे. बहुतेक जण हसतात, आणि मित्रांच्या बैठकीत तर अशा हकिकतींची चढाओढ लागते. ते हसणे मी दोषास्पद मानत नाही. लहानपणी जे सोसावे लागले त्याला पेलण्याचा तो एक मार्ग असतो. मात्र ज्याला स्वतःच्या सातव्या वर्षीची भीती आठवत नाही, त्याला समोरच्या सात वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती दिसूनही ओळखता येत नाही; ती त्याला निष्काळजीपणा, आळस किंवा मठ्ठपणा वाटते.

‘कडक होते, पण प्रेमळ होते’ हे वाक्यही मला तपासून पाहावेसे वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी एक मुलाखतपद्धती तयार केली. तीत माणसाला आई आणि वडील यांच्याशी असलेल्या लहानपणच्या नात्याचे वर्णन करणारे प्रत्येकी पाच शब्द विचारतात, आणि मग त्या प्रत्येक शब्दाला आधार देणारी एखादी विशिष्ट आठवण सांगायला लावतात. ‘प्रेमळ’ असे म्हटले, तर कोणत्या प्रसंगावरून? बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यावर या मुलाखतीचा निकाल ठरत नाही. सांगणाऱ्याचे शब्द आणि आठवणी एकमेकांशी जुळतात का, त्याला आईवडिलांचे बरेवाईट दोन्ही एकाच वेळी पाहता येते का, हे त्यात पाहिले जाते. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी हीच मुलाखत गरोदर स्त्रियांची घेतली आणि त्यांची मुले एक वर्षाची झाल्यावर मायलेकरांचे नाते पाहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मूल आईजवळ सुरक्षित वाटून घेईल की नाही, याचा बाळाच्या जन्माआधी घेतलेल्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज सुमारे तीन-चतुर्थांश जोड्यांच्या बाबतीत बरोबर ठरला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली झालेल्या पडताळणीत हा संबंध सुरुवातीला वाटला त्यापेक्षा कमी बळकट असल्याचे दिसले, तरी तो टिकून आहे. म्हणजे बालपण कठीण गेले म्हणून कोणी वाईट पालक ठरत नाही. जे घडले ते त्यातल्या भावनेसह आणि खोटी रंगसफेदी न करता सांगता येणे, ही गोष्ट प्रौढ वयातही साध्य होऊ शकते, आणि तिचा मुलाच्या वाट्याला येणाऱ्या दिवसांशी संबंध असतो.

कदाचित तुमच्या सासऱ्यांच्या प्रेमळपणाची खरी, ठसठशीत आठवण पतींजवळ असेल. तापात रात्रभर बसून राहिलेले वडील, सायकलच्या दांड्यावर बसवून यात्रेला नेणारे वडील. तशी आठवण असेल तर ती जरूर बाहेर यावी. वडिलांविरुद्ध आरोपपत्र तयार करण्याचा हा खटाटोप नाही. सासरे ज्या काळात शिकवत होते त्या काळात छडी हे शिक्षकाचे मान्यताप्राप्त साधन होते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करणारी तरतूद बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात आली. त्यांनी त्यांच्या काळाच्या रीतीने वागवले असे मानता येते, आणि त्या रीतीने एक लहान मुलगा घाबरत होता हेही त्याच वेळी खरे असू शकते. ही दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल शांतपणे करता येऊ लागली की समज आली, असे मी समजते.

आता हे करायचे कसे, आणि त्यात दांपत्याचा संबंध काय? एकट्याने डायरी लिहूनही माणूस स्वतःला काही प्रमाणात ओळखतो. परंतु पालकत्व हे दोघांनी मिळून करायचे काम आहे, आणि तुमच्या घरात जे घडते तेही दोघे मिळूनच घडवता. त्यांचा आवाज चढतो, त्यामुळे तुम्ही गप्प होता. तुम्ही गप्प झालात की त्यांना आपण वाईट ठरवलो गेलो असे वाटते. ती अस्वस्थता घेऊन ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीसमोर बसतात. बर्कलीच्याच फिलिप आणि कॅरोलिन कोवान या संशोधक दांपत्याने अनेक वर्षे पालक होणाऱ्या व झालेल्या जोडप्यांचे साप्ताहिक गट चालवले. पहिले मूल शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास घेतलेल्या गटांमध्ये त्यांनी एक तुलना केली. काही गटांत मुलांशी कसे वागावे यावर अधिक भर होता, तर काही गटांत पती-पत्नींनी आपापसातील मतभेद कसे हाताळावेत यावर. पहिल्या प्रकारच्या गटांतील जोडप्यांचे पालकत्व सुधारले, पण त्यांच्या परस्परांशी असलेल्या नात्यात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या प्रकारच्या गटांतील जोडप्यांचे नाते आणि पालकत्व दोन्ही सुधारले. पतींनी मागितलेल्या पद्धतीला माझ्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आठवड्यातून एकदा, मुलगा झोपल्यावर आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, अर्धा तास बसा. त्या अर्ध्या तासात मुलाबद्दल बोलायचे नाही, आणि ही अट वाटते त्यापेक्षा अवघड आहे. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे. पुढच्या आठवड्यात बदलावे. लहानपणी तुमच्या हातून दूध सांडले, गुण कमी पडले, वस्तू हरवली, तर घरात काय होत असे? ते सांगायला तुम्ही कोणाकडे जात होता, आणि कोणाकडे मुळीच जात नव्हता? रागावून झाल्यावर पुन्हा बोलणे कसे सुरू होत असे, आणि त्याची सुरुवात कोण करीत असे? या शेवटच्या प्रश्नाकडे तुम्ही स्वतः विशेष लक्ष द्यावे, कारण भांडण कसे मिटते हे ज्या मुलाला घरात कधी पाहायला मिळत नाही, ते मोठेपणी भांडणाला तरी घाबरते किंवा मिटवण्याची वाट दुसऱ्यानेच दाखवावी म्हणून थांबून राहते. ऐकणाऱ्याने उपाय सांगू नयेत, ‘त्यात काय एवढे’ म्हणू नये आणि स्वतःची त्याहून मोठी हकिकत पुढे करू नये. सांगणाऱ्याला काही आठवत नसेल तर आग्रह धरू नये. काही जणांना घरातला वास, दाराची कडी वाजण्याचा आवाज किंवा पोटात पडणारा खड्डा आधी आठवतो आणि प्रसंग मागाहून.

याला एक नियम जोडते आणि तो मोडणार असाल तर हा उद्योग सुरूच करू नका, असे स्पष्ट सांगते. त्या अर्ध्या तासात जे ऐकले ते भांडणात वापरायचे नाही. ‘तुम्ही अगदी बाबांवर गेला आहात’ किंवा ‘तू तुझ्या आईसारखीच आहेस’ अशी वाक्ये आपल्या घरांत फार सहज फेकली जातात. विश्वासाने सांगितलेली गोष्ट एकदा जरी अशी अंगावर आली, तरी माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही.

गृहपाठाच्या वेळी सासरे समोर असले की राग वाढतो, ही तुमची नोंद मोलाची आहे. त्या प्रसंगी तुमचे पती एकाच वेळी मुलाचे वडील असतात आणि वडिलांचा मुलगाही असतात. चुकलेली वजाबाकी नातवाची असते, परंतु मास्तरांच्या नजरेखाली नापास होत असल्याची जुनी धास्ती पतींना होत असावी. हा माझा तर्क आहे आणि तो बरोबर की चूक हे तेच सांगू शकतील. तूर्तास गृहपाठाची जागा बदला आणि ते काम आतल्या खोलीत हलवा. सासऱ्यांना दुखवण्याचे काही कारण नाही. उलट, त्यांच्यासारख्या अनुभवी शिक्षकाला नातवाला गोष्ट वाचून दाखवण्याचे किंवा बाजारात हिशोब करायला शिकवण्याचे काम सोपवता येईल, जिथे चुकीला गुण कापले जात नाहीत.

शिकवणाऱ्याच्या रागाबद्दल मारिया माँटेसरी यांनी फार सडेतोड लिहिले आहे. मुलांबरोबर काम करू इच्छिणाऱ्याने अध्यापनाच्या तंत्राआधी स्वतःच्या मनाची तयारी करावी, आणि त्यातही राग व अहंकार या दोन दोषांचा शोध घ्यावा, असे त्या सांगतात. मूल दुर्बल असते, उलट उत्तर देऊ शकत नाही, म्हणून मोठ्यांचा राग तिथे निर्धास्त होतो आणि अहंकार त्याला शिस्तीचे नाव देतो. साहेबासमोर येणारा राग आपण गिळतो आणि मुलासमोर येणारा गिळत नाही, एवढे जरी प्रामाणिकपणे मान्य केले तरी ‘राग आवरतच नाही’ हे म्हणणे किती टिकते ते प्रत्येकाने स्वतःशी पाहावे.

त्या क्षणी काय करायचे हा प्रश्न उरतोच, कारण आठवड्याचा अर्धा तास संध्याकाळी सात वाजता उपयोगी पडेलच असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती इथे कामाची आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाचा एक समज उभा असतो, असे ती सांगते. मुलाची वजाबाकी चुकली, ही घटना. संताप आला, ही भावना. मधले वाक्य मनात इतक्या झपाट्याने येऊन जाते की ते ऐकूच येत नाही: ‘माझ्या मुलाला हे यायलाच हवे, आले नाही तर तो मागे पडेल, आणि तो मागे पडला तर बाप म्हणून मी कुचकामी ठरलो.’ पतींनी आपले मधले वाक्य शोधून कागदावर उतरवावे. कागदावर आले की त्याचा हट्टीपणा लगेच दिसतो. मुलाला वजाबाकी यावी ही इच्छा अगदी योग्य आहे आणि ती आजच, या पानावरच यावी हा हट्ट आहे. तुमचेही एक मधले वाक्य असणार. ‘मी बोलले तर आणखी बिघडेल’ किंवा ‘मी गप्प राहिले की त्यांना आपोआप कळेल.’ तुमच्या आईने हे वाक्य आयुष्यभर वापरले असेल, तर वडिलांना खरोखर आपोआप कळत होते का, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

रागाच्या आधी शरीर सूचना देते. कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे कान तापतात, कोणाचा आवाज चढण्याआधी एकदम हळू होतो. ती खूण पतींनी ओळखून तुम्हाला सांगावी, आणि दोघांनी मिळून एक साधे वाक्य ठरवावे, उदाहरणार्थ, ‘आता मी बसते.’ त्या वाक्यावर त्यांनी उठून गॅलरीत जावे आणि तुम्ही वहीशेजारी बसावे. हे वाक्य टोमण्यासारखे निघाले तर निरुपयोगी आहे, म्हणून ते शांत असताना ठरवून ठेवायचे. तुमच्यासाठी यात कठीण भाग असा की, गप्प होण्याची तुमची सवय नेमकी त्या क्षणी तुम्हाला स्वयंपाकघराकडे ओढील. तुम्हाला शांत होण्यासाठी खरोखर वेळ हवा असेल तर तो जरूर घ्या, मात्र त्याची हद्द मुलाला सांगा. ‘मला राग आला आहे, तुझ्यावर नाही, मी थोडा वेळ शांत बसते आणि जेवताना आपण बोलू,’ इतके पुरे, आणि जेवताना खरोखर बोला.

चुका होतच राहतील. तान्ही मुले आणि त्यांच्या माता यांच्या देवाणघेवाणीचे बारकाईने चित्रण करून अभ्यास करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांना असे दिसले की, चांगल्या नात्यातही दोघांचा सूर जुळलेला असण्याचा काळ साधारण ३० टक्केच असतो. उरलेला वेळ तो चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. मुलाचा विश्वास त्या पुन्हा जुळवण्यातून वाढतो. तुमच्या घरात तसा प्रयत्न होतो, तो चॉकलेटच्या रूपाने. पतींच्या पश्चात्तापाविषयी मला शंका नाही, पण चॉकलेट काय घडले ते बोलून दाखवत नाही. मुलाला त्यातून इतकेच कळते की मार खाल्ल्यानंतर खाऊ मिळतो आणि त्या मारावर बोलायचे नसते. त्याऐवजी वडिलांनी त्याच्या उंचीवर बसून सांगावे की काल मी ओरडलो आणि मारले, ती माझी चूक होती, वजाबाकी न येण्यात तुझे काही वाईट नव्हते, आणि मी यावर काम करतो आहे. एवढेच. स्वतःच्या बालपणाची पूर्ण कहाणी त्याला सांगू नये, डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडून क्षमा मागून घेऊ नये. सात वर्षांच्या मुलावर वडिलांचे सांत्वन करण्याची पाळी आली तर तो त्याच्यावरचा आणखी एक भार होईल. असे बोलून झाल्यावर चॉकलेट आणायला माझी हरकत नाही.

या सगळ्यात मुलाच्या गणिताकडे दुर्लक्ष होता कामा नये. हातच्याची वजाबाकी या वयात पुष्कळ मुलांना जड जाते आणि काड्यांचे गठ्ठे सोडवून, सुटे पैसे मोजून ती बहुतेकांना येते. तरीही वर्गशिक्षिकेला भेटून फळ्यावरचे नीट दिसते का, वाचनातही अडचण आहे का, इतर मुलांच्या तुलनेत अंक समजण्यात फार अंतर आहे का, हे विचारा. डोळे तपासून घ्या. शंका राहिली तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच येणाऱ्या विशेष अडचणीची, तपासणी करून घ्या. पालकांनी स्वतःला कितीही ओळखले तरी त्याने मुलाचा चष्म्याचा नंबर कमी होत नाही. एवढेच की, शांत पालकाला मुलाची खरी अडचण आधी दिसते.

आणखी एक सीमा सांगणे माझे कर्तव्य आहे. मारण्याचे प्रमाण वाढत असेल, वळ उठत असतील, घरात दारू असेल, तुम्हाला स्वतःला पतींची भीती वाटत असेल, किंवा जुने बोलताना दोघांपैकी एकाला असह्य त्रास होऊ लागला, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर आपापसातील संवादावर विसंबू नका. अशा वेळी प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

हे उत्तर पतींना दाखवताना ते बाबांबद्दल लिहिलेल्या भागावर थांबतील, कदाचित चिडतील आणि ‘एका पत्रावरून यांना माझे बाबा काय कळले’ असे म्हणतील. त्यांचे ते म्हणणे बरोबर असेल, आणि त्यावर वाद घालू नका. तुमच्या अबोल्याविषयी मी वर जे विचारले आहे त्याची उत्तरे आधी स्वतः लिहून काढा आणि पहिल्या अर्ध्या तासात तीच त्यांना सांगा. त्यांच्या बालपणाविषयीचा पहिला प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यात विचारला तरी चालेल.